फेरूनची दोन नवी पुस्तकं: ठिकाणं झकास, पण मधला रस्ता कुठं गेला?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, त्यातल्या फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगाची, मुख्यतः त्यातल्या फेरून खंडाची, दोन नवी पुस्तकं, 'हीरोज ऑफ फेरून' आणि 'अ‍ॅडव्हेंचर्स इन फेरून', आमच्या टेबलावर येऊन आता बरेच रविवार झाले. दोन्ही वाचून झाली, त्यातनं खेळून झालं, त्यावरनं कडाक्याची भांडणं पण झाली, म्हणून आत्ता लिहायला बसलोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, दुसऱ्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसता राग, कारण दादाचं बोलणं ऐकलं की दादाचं पटायचं आणि पोरांचं ऐकलं की पोरांचं.

आधी टेबलावर कोण कोण असतं ते सांगतो म्हणजे पुढचं कळंल. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि बाकीच्यांसमोर प्रसंग उभे करणारा. माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्यानंच मला शाळेत असताना या खेळात ओढलं. वहिनी, ज्या दरवेळी क्लेरिक, म्हणजे देवाची शक्ती वापरणारं कॅरेक्टर, घेतात आणि आमच्यातल्या सगळ्यात शांत डोक्याच्या प्लेयर आहेत. हुपरीचा एक मित्र, घरचं चांदीचं काम, दर रविवारी गाडी मारत कोल्हापूरला येतो. आणि कॉलेजातली दोन पोरं, जी बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळून खेळून शेवटी आमच्यापर्यंत पोचली. पुस्तकं महाग असतात, एकट्याला झेपत नाहीत, म्हणून आमची पुस्तकांची भिशी आहे, दर महिन्याला प्रत्येकानं थोडं टाकायचं आणि जमलं की पुस्तक मागवायचं. ही दोन्ही त्यातनंच घेतली.

पुस्तकं जगात आली ११ नोव्हेंबर २०२५ ला. ते दिवस आपल्याकडं अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, वहिनी देवळातल्या गर्दीतनं थेट आमच्याकडं आल्या आणि बघतात तर पोरं मोबाईलवर अनुक्रमणिका मोठ्यानं वाचतायत आणि दादा प्रत्येक नावाला मान हलवतोय, कधी हो म्हणून, कधी नाही म्हणून. आमच्या हातात पुस्तकं बऱ्याच उशिरा आली. ज्याच्याकडनं मागवली त्यानं पहिल्यांदा पाठवलेल्या बॉक्सचा कोपरा पार चेपलेला, आतलं जाड पुस्तक कण्यापाशी उकललेलं, परत पाठवलं, बदलून आलं, त्यात दोन आठवडे गेले. असो, शेवटी आली.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं, कारण त्याशिवाय आमचा राग कशावरचा आहे ते कळणार नाही. एड ग्रीनवूड हा कॅनडाचा माणूस, ग्रंथालयात काम केलेला. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला १९७४ ला, पण फेरून त्याच्या डोक्यात त्याच्याआधीच, लहान असतानाच, गोष्टी लिहिता लिहिता तयार व्हायला लागलेलं. आणि त्या गोष्टींतला पहिला माणूस कोण होता तर कुणी राजपुत्र नाही, मर्ट नावाचा एक जाडजूड धापा टाकणारा व्यापारी, जो पैसे मागायला येणाऱ्यांना चुकवत एका बंदरातनं दुसऱ्या बंदरात जायचा. तो पुढच्या बंदरात गेला की ग्रीनवूडला ते बंदर लिहावं लागायचं, मग तिथला बाजार, तिथली खाणावळ, तिथला कोतवाल. असं करत करत अख्खा किनारा झाला. माझ्या दृष्टीनं या जगाबद्दलची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, की ते रस्त्यानं चालत चालत तयार झालं. १९७९ पासून त्याचे लेख ड्रॅगन मासिकात यायला लागले आणि १९८७ ला टीएसआर कंपनीनं ती प्रसिद्ध करड्या रंगाची पेटी काढली, आत दोन पुस्तकं, मोठे नकाशे, आणि नकाशावर ठेवून अंतर मोजायला पारदर्शक षटकोनी जाळीच्या शीट. अंतर मोजायला! म्हणजे तुम्ही चालणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

आमच्या घरात हे जग आलं ते २००१ च्या मोठ्या पुस्तकानं. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीचं, ३२० पानांचं, सोबत घडी घातलेला नकाशा. दादानं ते पुण्याहून कुणाकडनं तरी जुनं घेतलेलं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली, जिथं धोक्याची पातळी ४३ आहे, तेव्हा दादाचं नागाळा पार्कातलं तळमजल्याचं घर पाण्यात होतं आणि ते पुस्तक कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर घरातली पहिली साफसफाई झाली आणि मग आम्ही दोघं गच्चीवर बसून पान पान सुटं करत, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालत ते वाळवलं. ते आता दुप्पट फुगलंय, बंद होत नाही, मधली काही पानं कायमची चिकटली. पण अजून प्रत्येक रविवारी टेबलावर असतं.

त्या पुस्तकात काय होतं ते सांगतो. प्रत्येक देशाच्या सुरवातीला एक छोटी चौकट असायची, राजधानी कुठली, लोकसंख्या किती, त्यात माणसं किती टक्के, एल्फ किती, बुटके किती, राज्य कुणाचं, देव कुठले, आयात काय होतं आणि निर्यात काय होतं. लोक म्हणतील या भूगोलाच्या पुस्तकाचं काय करायचं. अहो, त्या आयात-निर्यातीच्या दोन ओळींतनं मी चार महिन्यांचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी गोष्ट, काढलंय! एका देशाच्या आयातीत धान्य दिसलं, मनात आलं की धान्य बाहेरनं येतंय तर घाट बंद झाला की काय होईल, आणि तिथनं पुढं दुष्काळ, साठेबाज, घाटातले दरोडेखोर, त्यांच्यामागं झेंटारिम ही काळ्या धंद्यातली संघटना, सगळं आपोआप सुचत गेलं.

मग २००८ ला चौथी आवृत्ती आली आणि आताची कंपनी, विझार्ड्स ऑफ द कोस्ट, त्यांनी अख्खं जग शंभरेक वर्षं पुढं ढकललं. जादूची देवी मिस्ट्रा मारली, स्पेलप्लेग नावाची आपत्ती आणली, देशच्या देश पुसले, हलरुआ गेलं, आपल्या ओळखीची माणसं म्हातारी होऊन मेलेली. आमच्या टेबलावर त्या वेळी जी कॅरेक्टर चालू होती त्यांची नातवंडं पण नव्या काळात जिवंत नसती. दादानं तेव्हा सरळ सांगितलं, आपण पुढं जायचं नाही, आपलं फेरून जुन्याच साली राहील. आणि अशी टेबलं जगभर हजारोंनी असणार याची मला खात्री आहे. पाचव्या आवृत्तीत त्यांनी बरंचसं परत आणलं, देवी परत, देश परत, पण २०१५ ला या आवृत्तीचं जे पहिलं प्रदेश-पुस्तक आलं ते १६० पानांचं आणि मुख्यतः स्वोर्ड कोस्ट या एकाच किनाऱ्याचं. बाकी बहुतेक खंड दहा वर्षं अंधारात. त्यात २०२१ ला कंपनीनं सांगून टाकलं की पाचव्या आवृत्तीच्या आधीची पुस्तकं आणि कादंबऱ्या ते अधिकृत धरत नाहीत. ज्यानं पुरातनं वाचवलेलं पुस्तक छातीशी धरलंय त्याला हे वाक्य कसं लागलं असंल ते समजून घ्या.

एवढं सगळं मनात घेऊन आम्ही नवी पुस्तकं उघडली.

'हीरोज' १९२ पानांचं, प्लेयरसाठी. यात आठ सबक्लास, म्हणजे बार्ड, रेंजर अशा कॅरेक्टरच्या मूळ प्रकारांचे पोटप्रकार, आहेत आणि मला खरंच आनंद झाला तो यासाठी की बहुतेकांचं नातं मातीशी आहे. बार्डचा मून कॉलेज मूनशे बेटांचा, रेंजरचा विंटर वॉकर आइसविंड डेलच्या थंडीतला, पॅलाडिनची नोबल जिनींची शपथ कॅलिमशानची, रोगचा सायन ऑफ द थ्री म्हणजे बेन, भाल आणि मर्कुल या तीन मेलेल्या देवांचा वारसदार, बाल्डर्स गेटच्या गल्लीतला. तालमीत वस्ताद नवा डाव शिकवतो तेव्हा तो कुणावर आणि कधी लावायचा ते पण सांगतो, तसं हे आहे. नुसते आकडे नाहीत, कॅरेक्टर कुठनं आलं हे सबक्लास निवडतानाच ठरून जातं. पोरांपैकी एकीनं विंटर वॉकर घेतला आणि पहिल्या सेशनला आपणहून सांगितलं की माझी आई बर्फात हरवली, मी तिला शोधत फिरते. आधीच्या कॅम्पेनमध्ये हीच मुलगी "माझा रेंजर आहे, धनुष्य मारतो" एवढंच सांगायची.

स्पेलफायर सॉर्सरर बघून दादाचा चेहरा खुलला. ही जुन्या रेल्म्सची लाडकी कल्पना आहे, १९८८ च्या ग्रीनवूडच्या कादंबरीत शँड्रिल नावाची पोरगी, डीपिंगडेलमधल्या एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी, तिच्या अंगात ही आग निघते आणि मग अर्धं जग तिच्या मागं लागतं. भांडी घासणारी पोरगी! रेल्म्स म्हणजे हे, मोठी गोष्ट खाणावळीच्या मागच्या दारातनं सुरू होते.

आता परपल ड्रॅगन नाईटचं प्रकरण. कॉर्मिअर देशाच्या सैनिकांना परपल ड्रॅगन म्हणतात, आणि ते नाव एका अतिशय जुन्या काळ्या ड्रॅगनवरनं आलंय ज्याचे खवले वयानं जांभळट पडले होते. २०२५ च्या सुरवातीला कंपनीनं चाचणीसाठी जो सबक्लास बाहेर सोडला त्यात या योद्ध्याला खराखुरा अ‍ॅमेथिस्ट, म्हणजे जांभळा, ड्रॅगन सोबतीला दिलेला. म्हणजे नाव वाचलं, इतिहास वाचला नाही. जुन्या लोकांनी एवढा आवाज केला की अंतिम पुस्तकात तो ड्रॅगन गेला आणि सबक्लास बॅनेरेट नावानं आला. दादा म्हणाला बघ, ऐकलं की नाही! आणि पोरगा म्हणाला, "काका, पण तो ड्रॅगन लई भारी होता, तुमच्यामुळं गेला." दोघंही मनापासून बोलत होते. मला विचाराल तर इतिहासाच्या बाजूनं निकाल लागला ते बरोबरच झालं, कारण ड्रॅगनवर बसायला दुसरी शंभर जगं आहेत, कॉर्मिअर एकच आहे. पण पोराला वाईट वाटलं हे पण खरंय, आणि त्याला मी माझ्या कॅम्पेनमध्ये ड्रॅगन देणार आहे, कॉर्मिअरच्या बाहेर.

सर्कल मॅजिक हा 'हीरोज'मधला माझा सगळ्यात आवडता भाग. थे देशाच्या रेड विझार्ड्स या जादूगारांची ही जुनी ख्याती, अनेकांनी गोल करून एकच मंत्र टाकायचा. नव्या नियमात एक जण मुख्य, बाकीचे हातभार लावणारे, आणि त्यानं मंत्राचा पल्ला किंवा व्याप किंवा वेळ वाढतो. आमच्याकडं तिसऱ्या सेशनला वहिनींनी, हुपरीकरांनी आणि एका पोरानं मिळून हे केलं, पूल वाचवायचा होता, खालनं पाणी चढत होतं. फासे हातात घेऊन तिघं एकमेकांकडं बघत होते आणि खोलीत कुणी बोलत नव्हतं. आपल्या गावात पूर बघितलेल्या माणसांना असला सीन वेगळाच लागतो. नियम साधा आहे, दोन मिनिटांत समजतो, आणि टेबलावरच्या जादूवाल्यांना एकमेकांची गरज पडायला लागते.

'अ‍ॅडव्हेंचर्स' २८८ पानांचं, डीएमसाठी. पाच प्रदेश घेतलेत, बाल्डर्स गेट, कॅलिमशान, डेललँड्स, आइसविंड डेल आणि मूनशे बेटं. प्रत्येकाचा बाज वेगळा ठेवलाय, कुठं शहरातली गुन्हेगारी, कुठं जिनींच्या कारस्थानांचा दक्षिणी दरबार, कुठं सरळ शूरवीरांच्या गोष्टी, कुठं थंडी आणि भीती, कुठं परीलोक. आणि पन्नासच्या वर छोटे छोटे अ‍ॅडव्हेंचर आहेत, एक-दोन पानांत संपणारे.

पहिल्यांदा चांगलं बोलतो, कारण ते मी रोज वापरतोय. मी नोकरी करतो, घरी लहान मूल आहे, शनिवारी रात्री अकरा वाजता मला दुसऱ्या दिवशीचं सेशन तयार करायला पाऊण तास मिळतो. जुन्या पुस्तकातनं तयारी करायची म्हणजे आठवडाभर नोट्स काढायच्या. मागच्या वर्षी याच कारणानं आमची पाच-सहा सेशन रद्द झाली होती. या पुस्तकातनं मी एक पान उघडतो, परिस्थिती काय, पार्टी, म्हणजे प्लेयरच्या कॅरेक्टरांची टोळी, त्यात कशी सापडते, कुठल्या लेव्हलला आहे, कुठं काय घडतं, सगळं समोर. पुस्तक आल्यापासनं आमचा एकही रविवार चुकलेला नाही. एवढी एकच गोष्ट या पुस्तकानं केली असती तरी माझे पैसे वसूल होते.

मूनशे बेटं परत आली याचं तर किती सांगू. रेल्म्सची छापलेली अगदी पहिली कादंबरी, १९८७ ची, याच बेटांवर घडते. फोक आणि नॉर्थफोक हे दोन समाज, धरतीमाता आणि तिच्या मूनवेल नावाच्या पवित्र विहिरी. आणि नंतर वर्षानुवर्षं या बेटांकडं कुणी नीट बघितलंच नाही. कॅलिमशानचं पण तसंच, त्याच्यावर शेवटचं मोठं काम १९९८ मधलं. वाळवंटात अडकलेले दोन महाबली जिनी, कॅलिम आणि मेमनॉन, त्यांचं हजारो वर्षांचं वैर, आणि त्या वैराखाली राहणारी माणसं. हे परत छापील पानावर बघितलं आणि दादा दहा मिनिटं काही बोललाच नाही, नुसती पानं उलटत होता.

आणि मग तो बोलला. म्हणाला, "सगळं आहे रे, पण मी इथनं तिथं जाऊ कसा?"

आता हे नीट सांगतो. समजा कुणी कोल्हापूर जिल्ह्यावर पुस्तक लिहिलं, त्यात अंबाबाईच्या देवळावर सुंदर प्रकरण, पन्हाळ्यावर सुंदर प्रकरण, जोतिबाच्या गुलालावर सुंदर प्रकरण, रंकाळ्यावर सुंदर प्रकरण. पण शिवाजी पूल ओलांडला की वडणगे फाटा लागतो, मग केर्ली लागतं, पुढं वाघबीळाचा चढ लागतो, यातलं काहीच नाही. आणि पन्हाळ्याला जाताना खरी मजा तर तिथंच असते, उसाच्या गाड्यांमागं अडकता, चहाला थांबता, तिथला माणूस सांगतो वरती धुकं आहे जपून जावा. या पुस्तकात पन्हाळा आहे आणि देऊळ आहे. केर्ली नाही. पाच प्रदेश पाच बेटांसारखे झालेत, आणि त्यांच्यामधला अफाट खंड, कॉर्मिअर, सेंबिया, वॉटरडीपकडनं खाली येणारा व्यापारी रस्ता, पूर्वेकडचे सगळे देश, त्यांना थोडक्यात उरकलंय. 'हीरोज'मध्ये बाकीच्या प्रदेशांची ओळख आहे, पण ती प्लेयरला "मी तिथला आहे" एवढं म्हणण्यापुरती. डीएमला तिथं पार्टी नेऊन महिनाभर ठेवायची म्हटलं तर हाताला काही लागत नाही.

हुपरीच्या मित्राचा किस्सा सांगतो म्हणजे कळंल. त्याचं कॅरेक्टर कॅलिमशानमधल्या कॅलिमपोर्ट शहराच्या बाजारात शिरलं. त्यानं आपल्या धंद्याच्या सवयीनं विचारलं, "इथं चांदी कुठनं येते? खाण जवळ आहे का बाहेरनं येते? सोनार कुणाला हप्ता देतात?" प्रश्न अगदी सरळ होता. मी नव्या पुस्तकात शोधलं, जिनी भेटले, कारस्थानं भेटली, चांदी काही भेटली नाही. दादानं शांतपणे फुगलेलं पुस्तक उघडलं, कॅलिमशानची चौकट काढली आणि आयात-निर्यातीच्या ओळींवर बोट ठेवलं. पुढचं सगळं सेशन त्यावर झालं. नवं पुस्तक मधोमध उघडं होतं, सुंदर चित्रांचं, आणि खेळ चालला होता २००१ च्या दोन ओळींवर.

अजून एक उदाहरण, डेललँड्सचं, कारण हे मला फार जवळचं आहे. डेललँड्स म्हणजे जंगलाच्या कडेची शेतकऱ्यांची छोटी छोटी खोरी, राजा नाही, प्रत्येक खोऱ्याचा कारभार वेगळा. तिथली कालगणना, जी आता जवळजवळ अख्ख्या खंडात चालते, ती कुठल्या लढाईपासनं सुरू होत नाही. एल्फ आणि माणसं यांच्यात करार झाला, की माणसांनी जंगलाच्या कडेला राहावं, आतलं जुनं रान तोडू नये, त्याची खूण म्हणून एक उभा दगड रोवला, आणि तिथनं वर्ष पहिलं. आपल्याकडं महाराजांच्या राज्याभिषेकापासनं शिवशक धरतात, १६७४ पासनं, त्यामुळं कालगणना कशावरनं सुरू होते यात त्या लोकांची मान्यता कळते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एका झाडं न तोडण्याच्या करारापासनं वर्षं मोजणारे लोक! माझ्या मते अख्ख्या फँटसीत यासारखी दुसरी कल्पना नाही. आणि डेल्समध्ये खेळताना ही गोष्ट मधोमध यायला हवी, प्रत्येक लाकूडतोड्याशी बोलताना, प्रत्येक एल्फ भेटल्यावर. नव्या प्रकरणात अ‍ॅडव्हेंचर भरपूर आहेत, शूरवीर भरपूर आहेत, पण खोऱ्यातल्या माणसाचा दिवस कसा जातो याला जागा अपुरी पडलीय. झेंटारिमशी लढायचं आहे, पण ज्याच्यासाठी लढायचं तो शेतकरी मला अजून ओळखीचा वाटायला हवा होता.

हे मी पोरांसमोर बोललो तेव्हा त्यातली ती मुलगी मला म्हणाली, आणि तिचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो, "दादा, तुम्हाला हे सगळं आधीच माहितीय म्हणून ते कमी वाटतं. मला काहीच माहीत नव्हतं. मी तुमचं जुनं पुस्तक उघडलं तर तीन पानांत झोप आली, आणि हे उघडलं तर मला जावंसं वाटलं." यावर मी गप्प झालो. बाल्डर्स गेट ३ ची गोष्ट घडते फेरूनच्या १४९२ सालात, त्या पोरांना त्याच्या मागची चौदाशे वर्षं पाठ करून मग या असं म्हणणं म्हणजे त्यांना दारातच उभं करणं. आणि खरं सांगायचं तर जुन्यांची तक्रार प्रत्येक वेळी असते, २००१ च्या नकाशात पण त्यांनी मधली मोकळी जमीन काढून खंड दाबून बसवला होता, तेव्हाही लोक चिडलेलेच. आज दादा ज्या नकाशाला जपतो त्या नकाशावर पण लोक रागावलेले.

तरीपण मी माझं मत मागं घेत नाही. मुलीचं बरोबर आहे की आत यायचा दरवाजा मोठा पाहिजे, आणि तो या पुस्तकांनी केला, फार चांगला केला. पण आत आल्यावर राहायला घर लागतं. एक-दोन पानांचं अ‍ॅडव्हेंचर एका रविवारी संपतं, दुसरं दुसऱ्या रविवारी, आणि सहा-सात झाल्यावर आमच्या टेबलावर तीच मुलगी विचारायला लागली की आपण गेल्या महिन्यात ज्या गावाला वाचवलं तिथं आता काय चाललंय. तिला परत जायचं होतं. त्या गावाचं पुस्तकात पुढं काही नव्हतं. तिच्या त्या प्रश्नानं मला जेवढं बरं वाटलं तेवढंच पुस्तकाबद्दल वाईट वाटलं, कारण जे मी आणि दादा मागत होतो तेच ती मागत होती, आमच्याएवढं जुनं काही न वाचता.

एका बाबतीत मात्र आम्ही सगळे, नवे-जुने, एकत्र चिडलो. या पुस्तकांच्या जोडीला काही छोटी पुस्तकं फक्त डिजिटल काढलीत, वेगळे पैसे देऊन घ्यायची, त्यात एक नेथेरिल या प्राचीन जादूच्या साम्राज्याच्या पतनावर आहे. नेथेरिल! उडती शहरं, देवीची जागा घ्यायला निघालेला जादूगार, या जगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा घाव. हे छापील पुस्तकाच्या आत असायला हवं होतं. टेबलावर मधोमध ठेवून सहा जणांनी वाकून बघायची ही गोष्ट आहे, एकाच्या अकाउंटवर एका स्क्रीनमध्ये बंद ठेवायची नाही. आमच्या भिशीतनं पुस्तक येतं ते सगळ्यांचं असतं, प्रत्येकाच्या घरी महिनाभर राहतं. डिजिटल कुणाच्या घरी ठेवायचं?

चित्रांबद्दल फार लिहीत नाही, चांगली आहेत, कॅलिमशानची तर फारच. कागद आणि बांधणी ठीक. फेरूनच्या देवांची माहिती 'हीरोज'मध्ये सोयीची आहे, वहिनींनी क्लेरिकसाठी लगेच वापरली, नॉलेज डोमेन हा सबक्लास घेतला आणि आता दर सेशनला प्रश्न विचारून खलनायकाला बेजार करतात.

घ्यायचं कुठलं? प्लेयर असाल आणि एकच परवडत असंल तर 'हीरोज' घ्या, ते कुठल्याही टेबलावर चालेल, सबक्लास आणि सर्कल मॅजिकसाठी. डीएम असाल आणि वेळ नसंल तर 'अ‍ॅडव्हेंचर्स' आधी घ्या, शनिवारची रात्र वाचेल. डीएम असाल आणि तुमचे प्लेयर आमच्यासारखे चांदी कुठनं येते असं विचारणारे असतील तर नुसत्या या पुस्तकावर भागणार नाही, २००१ चं जुनं पुस्तक पीडीएफमध्ये तरी शेजारी ठेवा. आकडे जुने आहेत, साल शंभराच्या वर वर्षं मागं आहे, पण गावं तीच आहेत, रस्ते बरेचसे तेच आहेत. ज्यांनी २००८ ला राम राम ठोकला त्यांना सांगतो, या वेळी जग मोडलेलं नाही. कुठली नवी आपत्ती नाही, कुणाची शंभर वर्षं गायब नाहीत. बघायला यायला हरकत नाही.

आम्ही सध्या असं चालवतोय की पाच प्रदेश नव्या पुस्तकातले, आणि मधला रस्ता एका दोनशे पानी वहीत, जो प्लेयर ज्या गावातनं जाईल त्यानं त्या गावाची चौकट भरायची, जुन्या पुस्तकासारखी, लोकवस्ती, देव, काय येतं, काय जातं. हुपरीकरांनी तीन गावं भरली, तिन्हींत सोनार आहेत. वहिनींनी एक खाणावळ लिहिली जिथं यात्रेकरूंना पहिली भाकरी फुकट. विंटर वॉकरवाल्या मुलीनं ते वाचवलेलं गाव लिहून काढलं, चार पानं, आणि निर्यातीच्या ओळीत लिहिलंय "मेंढ्यांची लोकर, आणि आमच्याबद्दलच्या खोट्या गोष्टी". दादानं ते वाचून वही बंद केली, थोडा वेळ हातात धरली आणि फुगलेल्या पुस्तकाच्या शेजारी ठेवली.

कोल्हापुरात कुणाला ही पुस्तकं घ्यायच्या आधी हातात घेऊन बघायची असतील तर खाली कमेंट करा, रविवारी दुपारी तीननंतर आम्ही असतोच. दोन्ही नवी पुस्तकं घरी न्यायला पण देऊ, भिशीचा नियम तसाच आहे. जुनं मात्र इथंच बसून वाचायचं, आणि कॉर्मिअरची पानं ओढायची नाहीत, ती चिकटलेली आहेत.